कोटवालीचा बारावा फोटो

आमच्या भागातले निम्मे दिवंगत पुरुष एकाच कोटात भिंतीवर टांगलेले आहेत, आणि तो कोट त्यांना कोटवालीनं घातलेला आहे. थट्टा नाही, खरंच सांगतो. ती कामाला होती त्या फोटो स्टुडिओच्या कॉम्प्युटरमध्ये एकंदर चार कोट होते. काळा, निळा, तपकिरी आणि एक सायीच्या रंगाचा, जो अकरा वर्षांत एकाही माणसानं मागितला नाही. घरातला माणूस गेला की लोक फोटो शोधायला लागतात, आणि तेव्हा त्यांना कळतं की बापाचा धड एकही फोटो नाही. कुठल्या तरी लग्नात मागच्या रांगेत अर्धा कान कापला गेलेला, नाहीतर बनियनवर पेपर वाचत बसलेला. मग तसलाच फोटो घेऊन मंडळी स्टुडिओत यायची. ही बाई त्यातून तेवढं डोकं अलगद सोडवून घ्यायची, कान पुरा करायची, खाली कोट लावायची, टाय बांधायची आणि मागे निळी पार्श्वभूमी सोडायची. दोन साडू होते, आयुष्यभर एकमेकांशी चकार शब्द बोलले नाहीत. आता समोरासमोरच्या घरांत, त्याच काळ्या कोटात, त्याच टायमध्ये एकमेकांकडे बघत असतात. म्हणून तिचं नाव पडलं कोटवाली. तिची आई तर पाहुण्यांना सरळ सांगायची, "आमची पोरगी शिवणकाम करते, फक्त सुई हातात धरत नाही."

या कामात ती पडली तीही गंमतच. कुठल्याशा नोकरीच्या अर्जासाठी पासपोर्ट साइज फोटो काढायला ती स्टुडिओत गेली होती. स्टुडिओचे मालक, ज्यांना सगळे मामा म्हणायचे, ते कॉम्प्युटरसमोर घामाघूम होऊन बसले होते. कॅमेरा आणि उजेड यात मामांचा हात धरणारा कुणी नव्हता, पण कॉम्प्युटर म्हणजे त्यांचा सात जन्मांचा वैरी. माउस टेबलावरून उचलून हवेत धरायचे आणि "हलत का नाही?" म्हणून त्याच्यावरच खेकसायचे. हिनं तो त्यांच्या हातातून घेतला, अडकलेला फोटो सोडवून प्रिंट काढून दिला. मामा म्हणाले, "उद्या येशील का ग जरा?" त्या 'जरा'ची अकरा वर्षं झाली आणि तो अर्ज कुठं गेला कुणास ठाऊक.

कोट घालता घालता ती बाकीचंही शिकली. व्हिजिटिंग कार्डं, दुकानाच्या पाट्या, क्लासच्या जाहिराती. तिचा हात चांगला होता, त्याहून नजर चांगली होती. पण गिऱ्हाइकाचं म्हणणं ठरलेलं. नाव मोठं करा. अजून मोठं करा. आणि ही एवढी जागा रिकामी का सोडली, आम्ही पूर्ण कार्डाचे पैसे देतोय ना? कोटवाली जीभ चावून ती जागा भरून द्यायची, आणि घरी येऊन आईपुढे भडाभडा बोलायची. आई म्हणायची, "अग, त्यांचं कार्ड, त्यांची जागा. तुझं काय जातंय?" पण तिचं काहीतरी जात होतंच. दोन वर्षं रोज सकाळी स्टुडिओ उघडायच्या आधी ती व्हिडिओ लावून शिकत राहिली. अक्षरं कशी निवडायची, मोबाइलच्या पडद्यावर बटण कुठं असावं, माणसाची नजर आधी कुठं जाते. बस थांब्यावरचं वेळापत्रक कुणाला काडीचं कळायचं नाही, ते तिनं कुणी न सांगता नव्यानं मांडलं आणि स्वतः जाऊन चिकटवून आली. दोन दिवसांत कुणीतरी ते फाडून नेलं, पण एक ड्रायव्हर शोधत शोधत स्टुडिओत आला आणि त्याची प्रत घेऊन गेला.

अशात तिला एका डिझाइन ऑफिसातून फोन आला. दुसऱ्या मजल्यावरचं, काचेच्या दाराचं ऑफिस. ते लोक वेबसाइट आणि अ‍ॅप बनवायचे, आणि फोटोत मुरलेलं आणि मांडणी कळणारं माणूस त्यांना हवं होतं. तिनं अर्ज केला होता, पण आपण केलाय हे आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. फोनवरची बाई म्हणाली, "शनिवारी अकराला या. बारा कामं आणा. प्रत्येकाच्या डाव्या पानावर आधीचं, उजव्या पानावर तुम्ही केलेलं." पस्तिशीच्या माणसाला असा फोन रोज रोज येत नाही. कोटवालीनं मोजून बघितलं, तिच्याकडे दाखवण्यासारखी अकराच कामं होती.

बारावं तिच्या टेबलावरच होतं. आदल्या आठवड्यात सायकलवाल्या आजी एक फोटो घेऊन आल्या होत्या. त्यांच्या नवऱ्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, सात वर्षांमागे ते वारले. फोटोत दुकानापुढे चार माणसं उभी, आणि आजींचे मालक, म्हणजे आजोबा, पार कडेला, निघून जाण्याच्या बेतात असल्यासारखे, पण हसत. "यांचा एवढाच," आजी म्हणाल्या. "फोटो म्हटलं की पळायचे." आणि वर म्हणाल्या, "कोट नको हं. शर्ट आहे तोच राहू दे." कोटवालीनं मान वर करून बघितलं. अकरा वर्षांत कोट नको म्हणणारं हे पहिलंच गिऱ्हाईक.

फोटोची अवस्था वाईट होती. कधीतरी तो दुमडला होता आणि घडीची पांढरी रेघ नेमकी आजोबांच्या कपाळावरून नाकापर्यंत उतरत होती. शिवाय ओल लागून फोटो फ्रेमच्या काचेला चिकटलेला. मामांनी शहाणपणा करून आधी काचेसकट स्कॅन केला ते बरं झालं, कारण काच काढायला गेले आणि आजोबांचा चेहरा काचेबरोबर सुटून त्याचा चुरा झाला. खाली नुसता पांढरा कागद. मामांचा चेहराही तसाच झाला. आजीच त्यांना म्हणाल्या, "मशीनमध्ये आहे ना? मग झालं तर."

कोटवालीनं त्या चेहऱ्यावर दोन दिवस घातले. इतकं कुणाला घालायची नाही, पण हा बारावा नमुना होता. घडीची रेघ तिनं कणाकणानं बुजवली. कपाळ झालं, नाकाची कड झाली, आणि खाली ओठापाशी तर कागद जास्तच फाटलेला दिसत होता, वरचा ओठ मधूनच तुटलेला. तिनं तो इतका बेमालूम जोडला की तिची तीच खूश झाली. फाइल जड झाली होती, म्हातारा कॉम्प्युटर धापा टाकत होता. म्हणून तिनं दुरुस्तीचे सगळे थर फोटोत एकत्र केले, सेव्ह केलं आणि बंद केलं. अहो, या धंद्यातला पहिला धडा कुठला? मुळाला हात लावायचा नाही, आधी नक्कल काढायची, मग काय ते करायचं. हा धडा तिनं स्वतः मामांना शंभरदा ऐकवला होता. पण हात बसला की माणूस धड्याकडे बघत नाही.

बुधवारी ती नमुन्यांची वही लावायला बसली. डाव्या पानासाठी आजोबांचा आधीचा फोटो उघडला, तर समोर सफाई केलेलाच आला. तिनं दुसरीकडे बघितलं. मग तिसरीकडे. कचऱ्याच्या डब्यात बघितलं, मामांच्या पेन ड्राइव्हमध्ये बघितलं. मूळ स्कॅनवरच काम करून तिनं त्यावरच सेव्ह केलं होतं. मग तिनं मनाची समजूत घातली की वहीत डावं पान नाही एवढंच ना, आजींचं काम तर झकास झालंय. आणि तिनं आजींसाठी प्रिंट काढून ठेवला.

गुरुवारी आजी आल्या. मामांनी मोठ्या ऐटीत प्रिंट पुढे केला. आजींनी तो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला, आणि विचारलं, "हे कोण?"

"अहो, कोण काय!" मामा हसले. "आपलेच की. घडी पडली होती ती काढली, म्हणून वेगळे वाटतायत."

"हे आमचे नाहीत," आजी म्हणाल्या. त्यांनी स्वतःच्या वरच्या ओठावर बोट ठेवलं. "हे कुठं गेलं? त्यांचा ओठ जन्मापासून फाटलेला होता. लहानपणी शिवला होता, त्याची खूण होती इथं."

कोटवालीच्या आता ध्यानात आलं. घडीची रेघ नाकापाशीच संपत होती. तिच्या खाली होता तो कागद नव्हता, तो माणूस होता. आणि तिनं दोन दिवस खपून, जीव ओतून, तेवढाच नेमका पुसला होता.

"मला भिंतीसाठी नको होता हो फोटो," आजी बाकावर बसत म्हणाल्या. "माझी नात आहे नऊ वर्षांची. तिचाही ओठ तसाच. ऑपरेशन झालंय, पण खूण आहे. शाळेत चिडवतात. आता तोंडावरचा हात म्हणून काढत नाही पोरगी. मी सांगते, अग, तुझ्या आजोबांना अशीच होती. तर म्हणते, मला बरं वाटावं म्हणून तू सांगतेस. ते गेले तेव्हा ती दोन वर्षांची, तिला काय आठवणार? म्हटलं फोटो मोठा करून दाखवावा, म्हणजे पटेल."

मामा कोटवालीच्या कानाशी लागले, "मशीननं खाल्लं म्हणून सांग." ते प्रेमापोटीच म्हणाले, पण तिला तेही ऐकवेना. ती उठून आजींसमोर जाऊन बसली. "आजी, माझी चूक आहे. मला वाटलं कागद फाटलाय. आणि मूळ फोटोही मीच घालवला. आता तो कुठंच नाही."

आजी रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या प्रिंट मांडीवर उलटा ठेवत म्हणाल्या, "मला आठवतंय ना. मी सांगते, तुम्ही काढा."

आता बघा, अकरा वर्षं ही बाई पुसत आली होती. डाग पुसले, सुरकुत्या पुसल्या, देवीचे व्रण पुसले, डोळ्यांखालची वर्तुळं पुसली. काही नव्यानं रेखाटायचं म्हटल्यावर तिचा हात चालेना. पहिल्या खेपेला आजोबा काल कुठंतरी आपटल्यासारखे दिसले. दुसऱ्या खेपेला आजी म्हणाल्या, "दाढी करताना कापलंय असं वाटतंय." तिसऱ्या खेपेला मामा मध्ये तोंड घालून म्हणाले, "सरळ मिशीच रंगवून टाक ना," तेव्हा दोघींनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते उठून कॅमेरा पुसायला लागले. तिला कळत होतं काय चुकतंय ते. अशी खूण म्हणजे नुसती रेघ नसते. कातडी तिकडे ओढली जाते, नाकपुडी एका अंगाला उतरते, ओठावरचा उजेड तिथं तुटतो. हे डोक्यातून काढता येत नाही, समोर बघून काढावं लागतं. शेवटी ती चाचरत म्हणाली, "नातीला आणाल का?"

"आणीन," आजी म्हणाल्या, "पण ती हात काढायची नाही."

शुक्रवारी शाळा सुटल्यावर नात आली. पाठीला दप्तर, तोंडावर डावा हात. तो हात इतका सवयीचा झाला होता की त्याच हाताआडून ती बिस्किटसुद्धा खात होती. कोटवालीला लाडीगोडी येत नव्हती, आणि आली असती तरी त्या पोरीनं ती सात वेळा ऐकलेली असणार. तिनं खुर्ची ओढली आणि पडदा दाखवला. "हे तुझे आजोबा. यांच्या ओठावरची खूण मी पुसली. चुकून. आता मला ती परत काढता येत नाहीये."

"का पुसली?" हाताआडून आवाज आला.

"मला वाटलं कागद फाटलाय."

"कागद!" पोरगी हाताआड फसकन हसली. मग पडद्याकडे बघत राहिली. मग संशयानं म्हणाली, "पण त्यांना खरंच होती कशावरून? आजी काहीपण सांगते."

"आजीचं सोड," कोटवाली म्हणाली. "मी पुसली ना? नसती तर पुसली कशी असती?"

पोरीनं यावर नीट विचार केला. अगदी कपाळाला आठ्या घालून केला. मग तिनं दप्तर काढून खाली ठेवलं, तोंडावरचा हात काढला आणि म्हणाली, "बघा मग. पण लवकर."

मामांनी खिडकीचा पडदा सरकवून तिच्या चेहऱ्यावर असा मऊ उजेड पाडला की बघत राहावं. चार फोटो घेतले. कोटवालीनं आधी नक्कल काढली, मग तिची नक्कल काढली, आणि कामाला लागली. लवकर म्हणणारी पोरगी खुर्चीला खुर्ची लावून बसली आणि हुकूम सोडायला लागली. "नाकाची ही बाजू खाली घ्या. अजून. अहो, इतकी पण नाही." "इथं फुगीर असतं थोडं." "रंग चुकला तुमचा. सकाळी गुलाबी असते, आत्ता पांढरी असते. आजोबांचा फोटो सकाळचा आहे का?" सावल्यांवरून मामांनी छातीठोकपणे सकाळचा ठरवला. मग गुलाबी केली. या सगळ्यात तिचे दोन्ही हात टेबलावर होते, एक पडद्याकडे बोट दाखवायला आणि एक बिस्किटाला. कोटवालीनं ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

दोन तासांनी आजींना बोलावलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पडद्यावर आजोबा एका बाजूनं हसत होते. ओठ जोडलेला होता तेव्हा ते हसू नुसतं सभ्य दिसत होतं, आता ते कुणाचं तरी झालं होतं. आजींनी नातीकडे बघितलं, मग पडद्याकडे. "हे आमचे," त्या म्हणाल्या. मामांनी नाक शिंकरलं आणि स्टुडिओत धूळ फार झाल्याची तक्रार केली. कोटवालीचा जीव भांड्यात पडला. तिनं आजींना विचारलं, हे काम मी एका ठिकाणी दाखवलं तर चालेल का? आजींच्या आधी नात म्हणाली, "चालेल."

शनिवारी अकराला ती काचेच्या दारातून आत गेली. मुख्य डिझायनर तिच्याच वयाची होती, कमी बोलणारी, झपाझप पानं उलटणारी. वेळापत्रकाच्या पानावर ती क्षणभर थांबली, बाकीच्यांना नुसती मान हलवली. बाराव्या पानावर आली आणि म्हणाली, "ही पानं उलटी लागलीत तुमची. सफाई केलेला डावीकडे गेलाय."

"नाही, बरोबर लागलीत," कोटवाली म्हणाली. आणि तिनं घडलेलं सगळं सांगितलं. कागद समजून माणूस पुसला तेही, आणि मूळ फाइलवर सेव्ह केलं तेही.

ती बाई खुर्चीत मागे टेकली. "हे नसतं सांगितलंत तर मला कळलं नसतं."

"नसतं कळलं."

"नक्कल न काढता काम करणाऱ्याला मी इथून त्याच दिवशी घरी पाठवते."

"पाठवायलाच पाहिजे," कोटवाली म्हणाली, आणि वही मिटायला लागली. तिला वाटलं, झालं, आटोपलं. पण त्या बाईनं वहीवर हात ठेवला. बाराव्या पानाकडे ती बराच वेळ बघत राहिली, एकदा डावं, एकदा उजवं. "एक तारखेपासून या," ती म्हणाली. "पुसणारे माझ्याकडे खूप आहेत."

आईनं ऐकलं आणि आधी रडली, मग अर्ज लपवून ठेवल्याबद्दल अर्धा तास बोलली. मामांचं मात्र वेगळंच. संध्याकाळपर्यंत त्यांनी एकच लेन्स चारदा पुसली. शेवटी म्हणाले, "ते चार कोट कुठल्या फोल्डरमध्ये आहेत तेवढं कागदावर लिहून ठेव. मोठ्या अक्षरात." कोटवालीनं कागद ओढला आणि मोठ्या अक्षरात लिहायला बसली.

रविवारी सकाळी ती स्वतः फ्रेम घेऊन आजींच्या घरी गेली. आजींनी खिळा आधीच ठोकून ठेवला होता, नातीच्या उंचीला येईल असा, मोठ्या माणसाला खाली वाकून बघावं लागेल इतका खाली. फोटो लावला. नात आतून छोटा आरसा घेऊन आली, एकदा आरशात बघितलं, एकदा फोटोत, आणि तपासणी पूर्ण झाल्यासारखी दात घासायला निघून गेली.

कोटवाली निघताना आजी दारापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "त्यांची खूण जरा लांब होती. नाकपुडीच्या आतपर्यंत जायची. आणि एवढी सरळ पण नव्हती."

कोटवाली जागच्या जागी थांबली. "अहो आजी, मग त्या दिवशी का नाही बोललात? द्या तो फोटो, मी आत्ता नीट करून आणते. फाइल आहे माझ्याकडे."

"नको," आजींनी तिचा हात धरला. "त्या दिवशी पोरीचा हात टेबलावर होता. मी काय लांबी मोजत बसू? मला ते जसेच्या तसे दिसतात, मला फोटोची गरज नाही. तिला त्यांच्यात तिची दिसू दे."

कोटवाली काही म्हणणार एवढ्यात मोरीतून फेसाळ तोंडानं आवाज आला, "आजी, आजोबांना पण ब्रश करताना इथं वर टोचायचं का ग?"

"टोचायचं म्हणजे काय!" आजी आत वळून मोठ्यानं म्हणाल्या. "रोज सकाळी घर डोक्यावर घ्यायचे."